मीटरला स्वतःची बॅटरी हवीच!

गेल्या टर्मच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी आमच्या मिनी प्रोजेक्टचं झाकण उघडलं आणि आम्हा तिघांच्याही पोटात गोळा आला. प्रोजेक्ट तसा साधाच. सव्वा ते पंधरा व्होल्ट देणारा व्हेरिएबल पॉवर सप्लाय आणि समोर व्होल्टेज नि करंट दाखवणारे दोन डिजिटल पॅनल मीटर. रीडिंग अगदी बरोबर येत होतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती. भानगड झाकणाखाली होती. ट्रान्सफॉर्मरच्या मागे, कोपऱ्यात, काळ्या इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळून नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लपवलेल्या होत्या. सरांनी टेप सोलली, बॅटरी दोन बोटांत धरून वर केली आणि विचारलं, "मेनवर चालणाऱ्या सप्लायमध्ये बॅटरी कशाला रे?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी आमचा लातूरवाला धीर करून म्हणाला, "सर, तात्पुरती आहे."

झालं! मार्क गेले. त्याचं दुःख मेसमधल्या दोन जेवणांपुरतंच टिकलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. सुट्टीत घरी बसून मी तो पुन्हा नीट उलगडून पाहिला आणि आता माझं ठाम मत झालं आहे, की त्या डब्यात सगळ्यात बरोबर कुठली गोष्ट असेल तर ती बॅटरीच होती. चुकलं ते आमचं उत्तर. आणि ते का चुकलं याचा थोडाफार हिशोब आपल्या लॅबनेही द्यायला हवा, म्हणून हा लेख.

आधी मूळ प्रकार सांगतो. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर आणि पुढे एलएम ३१७. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. तपकीर गल्लीतून साडेतीन अंकी एलसीडीचे दोन मीटर आणले. मागे सप्लायच्या दोन पिना, मोजायच्या दोन पिना. नऊ व्होल्ट पाहिजे असं लिहिलेलं. मग काय, त्याच ब्रिजवरून एक ७८०९ काढला, मीटरला नऊ व्होल्ट दिले, सगळ्या काळ्या वायरी एकत्र पिळून सोल्डर केल्या. ग्राउंड म्हणजे ग्राउंड, असं आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत आलोय ना!

सप्लाय चालू केला. व्होल्टमीटरवर डाव्या कोपऱ्यात एकटा '१' उभा, बाकी सगळं कोरं. म्हणजे ओव्हररेंज. नॉब फिरवला तरी '१'. आउटपुट पार सव्वा व्होल्टवर आणलं तरी '१'. ॲमीटरचं तर विचारूच नका. त्याचा ०.१ ओहमचा शंट आम्ही पॉझिटिव्ह लाइनमध्ये टाकला होता. आउटपुट बारा व्होल्टवर नेलं आणि डिस्प्ले फिका पडत गेला तो पुन्हा उठलाच नाही.

हॉस्टेलवर सल्ल्यांना काय तोटा! एक सीनिअर म्हणाला, प्रिसेट फिरव. दुसरा म्हणाला, दहा मायक्रोफॅरॅड टाक. तिसरा सगळ्यात थोर. तो म्हणाला, "ग्राउंड लूज असेल, जाड वायर टाकून घट्ट कर." आम्ही तेही केलं. म्हणजे ज्या दोरीने गळा आवळला जात होता तीच दोरी आम्ही आणखी जाड केली.

मग लॅब. सीआरओ लावून शंटवरचा ड्रॉप बघू म्हटलं. प्रोबची ग्राउंड क्लिप शंटच्या एका टोकाला लावली मात्र, ठिणगी उडाली आणि क्लिपच्या दातावर काळा डाग पडला. कारण आमच्या डब्याचं काळं टर्मिनल आम्ही हौसेने बॉडीला आणि बॉडी अर्थिंगला जोडली होती, आणि सीआरओची क्लिपही आतून अर्थिंगलाच जोडलेली असते. म्हणजे आम्ही स्वतःच्या हाताने बारा व्होल्ट अर्थिंगमधून शॉर्ट केले. तेव्हा शेजारच्या बेंचवरून आवाज आला, "अरे, त्याची तिसरी पिन काढ की. सगळे तेच करतात." मी प्लग बघायला खाली वाकलो. आमच्या टेबलावरच्या सीआरओची पिन शाबूत होती, पण पलीकडच्या टेबलावरच्या सीआरओला दोनच पिना होत्या. कुणीतरी आधीच काम करून ठेवलेलं!

त्याबद्दल पुढे बोलतो. आमची सुटका केली ती लॅबमधल्या मामांनी. ते मागे उभे राहून सगळा तमाशा बघत होते. त्यांनी टेबलावरचा पिवळा मल्टिमीटर उचलला, त्याचे प्रोब आमच्या शंटवर टेकवले आणि रीडिंग दाखवलं. स्वच्छ, स्थिर. मग म्हणाले, "पोरांनो, हा मीटर तुम्हाला कधी ग्राउंड विचारतो का?"

आम्ही म्हटलं, "नाही मामा."

"का नाही विचारत?"

आम्ही गप्प. मामांनी मल्टिमीटर उलटा केला, मागचं झाकण स्क्रू ड्रायव्हरने काढलं आणि आतली नऊ व्होल्टची बॅटरी आमच्या तळहातावर ठेवली. "ह्याच्या पोटात याचं स्वतःचं जेवण आहे म्हणून." एवढं बोलून मामा चहाला निघून गेले.

खरं सांगतो, ॲनालॉगच्या चार युनिटमध्ये जे कळलं नाही ते त्या एका वाक्यात कळलं. पण तेव्हा फक्त 'काय करायचं' कळलं, 'का' ते कळलं नाही. म्हणून तर आम्ही बॅटरी लाजत लाजत टेप लावून लपवली. 'का' मी नंतर डेटाशीट उघडून शोधलं. ते इथे सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाची दातखीळ बसणार नाही.

या एलसीडी मीटरमध्ये बहुतेक वेळा ७१०६ हा आयसी किंवा त्याचा काळ्या थेंबाखाली दडवलेला भाऊ असतो. इंटरसिल कंपनीने हा आयसी १९७० च्या दशकात आणला आणि स्वस्तातल्या कितीतरी मल्टिमीटरमध्ये आजही तोच आराखडा चालतो. याची एक अट आहे. इनपुटच्या दोन्ही पिना त्याच्या स्वतःच्या सप्लायच्या आत असायला हव्यात. निगेटिव्हच्या निदान १ व्होल्ट वर आणि पॉझिटिव्हच्या निदान अर्धा व्होल्ट खाली. खोलीची कल्पना करा. निगेटिव्ह म्हणजे फरशी, पॉझिटिव्ह म्हणजे छत. खोलीत उभ्या असलेल्या या माणसाला वाकता येत नाही आणि टाचा उंचावताही येत नाहीत. फरशीवर पडलेली वस्तू तो मोजूच शकत नाही. आम्ही काय केलं? मोजायची खालची पिन आणि सप्लायची निगेटिव्ह एकत्र सोल्डर केली. म्हणजे वस्तू फरशीवर ठेवली आणि मोज म्हणालो!

यात आणखी एक मेख आहे. ७१०६ मध्ये 'कॉमन' नावाची पिन आहे. ती छतापासून साधारण २.८ व्होल्ट खाली स्वतःची जागा धरून बसते आणि मीटरचा रेफरन्स सहसा त्याच अंतरातून काढलेला असतो. या मॉड्यूलमध्ये मोजायची खालची पिन बहुधा कॉमनलाच जोडलेली असते. आता गंमत बघा. कॉमनला कुणी खाली खेचलं तर ती निमूट जाते, कारण विरोध करायला तिच्याकडे जेमतेम १० मायक्रोअँपिअर आहेत. पण वर ओढलं तर ती ३० मिलिअँपिअरपर्यंत झटापट करते. आमच्या व्होल्टमीटरची कॉमन खाली खेचली गेली. २.८ व्होल्टचं अंतर ९ व्होल्टचं झालं, मोजपट्टीच ताणली गेली, म्हणून आकडा निरर्थक आला पण आयसी जगला. ॲमीटरची कॉमन मात्र बारा व्होल्टच्या लाइनला बांधलेली आणि त्याचं छत नऊ व्होल्टवर! माणूस छत फोडून तीन व्होल्ट बाहेर. तो मेला यात नवल नाही, आधी मिणमिणला हेच नवल.

आता त्या खोलीखाली बॅटरी ठेवा. खोली इमारतीचा भाग राहत नाही, ती लिफ्ट होते. मोजायची खालची पिन बारा व्होल्टला बांधली की अख्खी लिफ्ट बारा व्होल्टच्या मजल्यावर जाऊन उभी राहते. फरशी, छत, आतला माणूस, सगळं एकदम वर. माणसाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. फ्लोटिंग म्हणजे एवढंच. बॅटरी मीटरला नऊ व्होल्ट देते हे तिचं निम्मं काम. उरलेलं निम्मं, आणि जास्त महत्त्वाचं, म्हणजे ती इमारतीला कुठेही चिकटलेली नसते.

इथे कुणी म्हणेल, दर आठवड्याला बॅटरी कोण बदलणार? करा हिशोब. हा मीटर साधारण १ मिलिअँपिअर पितो. बॅटरी ४०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर ४०० तास. रोज तीन तास सप्लाय वापरणारा मुलगा मला आपल्या हॉस्टेलात दाखवा, त्याची बॅटरी चार महिने चालेल. फक्त मेनच्या स्विचबरोबर बॅटरीही तुटेल असा स्विच टाका. आम्ही टाकला नव्हता आणि शनिवार-रविवारी मीटर रिकाम्या खोलीला रीडिंग दाखवत बसत.

बॅटरी नकोच असेल तर दुसरे रस्ते आहेत. मला सगळ्यात आवडतो तो वेगळ्या वाइंडिंगचा. छोटा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा स्वतःचा ब्रिज, कपॅसिटर आणि ७८०९. तो मुख्य सप्लायला कुठेही जोडायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. एक इशारा देतो, कारण आमच्या शेजारच्या ग्रुपने हे करून पाहिलंय: १२-०-१२ च्या दोन अर्ध्या बाजू म्हणजे दोन वेगळी वाइंडिंग नव्हेत. मधली वायर एकच आहे, आणि ती एकच वायर तुमचा सगळा फ्लोटिंगपणा घालवते. दोन मीटर असतील तर सप्लायही दोन. दोन्ही मीटरच्या खालच्या पिना एकाच बिंदूला येत असतील, उदाहरणार्थ शंट निगेटिव्ह लाइनमध्ये टाकला असेल, तरच एकात भागतं. ट्रान्सफॉर्मरमुळे शेवटचा आकडा कधीकधी थोडा नाचतो, बॅटरीवर तो शांत असतो, हेही बघून ठेवा.

एक वॉटचे आयसोलेटेड डीसी टू डीसी मॉड्यूल मिळतात, पाच आत आणि नऊ बाहेर. छान असतात, पण बरेचसे रेग्युलेटेड नसतात. एक मिलिअँपिअरच्या लोडवर नऊचे चढून किती झाले ते मोजल्याशिवाय मीटर लावू नका, ७१०६ ची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आहे. आउटपुटवर थोडा लोड म्हणून रेझिस्टर टाकावा. आणि ग्राउंड एकच ठेवायचाय असा हट्टच असेल, तर फरशी खाली न्या! ७६६० सारख्या आयसीने पाचाचे उणे पाच करा, म्हणजे ग्राउंड फरशीवर न राहता खोलीच्या मध्यावर येतो. एलईडीवाला ७१०७ तसाही अधिक पाच आणि उणे पाच मागतो ते याचसाठी. त्याला बॅटरी लावायच्या फंदात पडू नका. एकेका सेगमेंटला आठ मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, '१८८८' दाखवताना बेरीज पावणेदोनशेच्या घरात जाते.

आमच्या विंगमधल्या एका मित्राचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "पार्टनर, तीन वायरीचा लाल आकड्यांचा मीटर ऑनलाइन मागव, काळी वायर ग्राउंडला, विषय संपला. कशाला एवढं डोकं लावतोस?" बरोबर आहे त्याचं. पॉझिटिव्ह आउटपुट ग्राउंडच्या संदर्भात मोजायचं असेल तर तो मीटर त्यासाठीच बनवलेला आहे, खुशाल वापरा. पण त्याच मित्राने मागच्या महिन्यात ड्युअल सप्लाय केला आणि उणे बारा मोजायला तसाच दुसरा मीटर घेतला. दोन्ही काळ्या वायरी ग्राउंडला लावल्या. दुसरा मीटर शून्य दाखवत बसला. मग त्याने वायरी उलट केल्या, म्हणजे मीटरचा ग्राउंड उणे बारावर, आणि मीटरचा सप्लाय मात्र पहिल्याच मीटरच्या पाच व्होल्टवरून. पाच आणि उणे बारा, मिळून सतरा व्होल्ट त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर. सुदैवाने मीटरला तेवढे चालत होते, म्हणून वाचला. विषय संपला नव्हता, फक्त पुढे ढकलला गेला होता. आणि दोन वायरीचा मीटर तर ज्याला मोजतो त्याच्यावरच जगतो. आमचा सव्वा व्होल्ट त्याच्यासमोर ठेवला तर तो उपाशी पडून राहील.

माझी तक्रार मित्राबद्दल नाही आणि त्या एक्स्टर्नल सरांबद्दल तर मुळीच नाही. त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. तक्रार अशी आहे की, आपल्या जर्नलमध्ये सगळ्या आकृत्यांत ग्राउंडचं एकच चिन्ह काढलं जातं. अर्थिंग असो, बॉडी असो, सिग्नलचा शून्य असो, सगळ्यांना त्याच तीन आडव्या रेघा. लॅबमधल्या पॉवर सप्लायला लाल, काळं आणि हिरवं अशी तीन टर्मिनल असतात. हिरवं म्हणजे अर्थ. काळं म्हणजे अर्थ नव्हे, हे थर्ड इयरच्या किती जणांना माहीत आहे? मी आमच्या बॅचमध्ये जेवताना सहज विचारून पाहिलं. उत्तरं छापण्यासारखी नाहीत.

मला वाटतं, सेकंड इयरला एक प्रॅक्टिकल याचंच असावं. एलएम ३१७ चं बोर्ड, एक पॅनल मीटर, एक बॅटरी. आधी ग्राउंड एकत्र बांधा आणि तो एकटा '१' डोळ्यांनी बघा. मग बॅटरी लावा आणि रीडिंग बघा. मग मीटरची खालची पिन सर्किटमध्ये कुठेही फिरवा आणि मीटर का मरत नाही ते लिहा. पाऊण तासाचं काम आहे. खर्चाचं म्हणाल तर बॅटरीपेक्षा ती स्टोअरमधून काढायला लागणाऱ्या इंडेंटच्या सह्याच जास्त महाग पडतील.

आणि आता ती तिसरी पिन. 'ग्राउंड नडतोय' याचा जो इलाज आम्ही मीटरच्या बाबतीत केला, तोच इलाज समजून लोक सीआरओची अर्थची पिन काढतात. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, फ्लोटिंग. पण फरक जीवघेणा आहे. पॅनल मीटर प्लॅस्टिकच्या चौकटीत आहे, त्याची लिफ्ट वर गेली तरी कुणाचा हात लागत नाही. सीआरओची क्लिप ज्या बिंदूला लावाल त्या बिंदूवर त्याची सगळी धातूची बॉडी जाते. बारा व्होल्टवर काही होणार नाही. पण उद्या त्याच टेबलावर कुणी एसएमपीएसची प्रायमरी उघडून बसेल. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि ब्राइटनेसचा नॉब फिरवायला पुढे झालेल्या मुलाचा दुसरा हात बॉडीवर असतो. त्याला कुणी सांगितलेलंही नसतं की आदल्या वर्षी कुणीतरी पिन काढली होती.

शंटवरचा ड्रॉप बघायला पिन काढावी लागत नाही. दोन प्रोब शंटच्या दोन टोकांना लावा, क्लिपा दोन्ही आउटपुटच्या काळ्या टर्मिनलला, दुसरा चॅनल इन्व्हर्ट करा आणि ॲड दाबा. आपल्या सगळ्या सीआरओवर ती बटणं आहेत. डीसीच पाहायचं असेल तर मामांचा पिवळा मल्टिमीटर आहे.

आमचा सप्लाय आता रूमवर आहे. टेप काढून टाकली, बॅटऱ्यांसाठी नीट क्लिप बसवल्या आणि झाकणाच्या आत मार्करने लिहिलं: 'मीटरचा स्वतंत्र सप्लाय. तात्पुरता नाही.' लातूरवाल्याचं अक्षर आहे.

दोन पिनांच्या त्या प्लगबद्दल मी मामांना सांगितलं, त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि नव्या प्लगचा इंडेंट वर गेला. हा लेख देईपर्यंत तो सह्यांसाठी फिरतोय. तोवर मामांनी त्या सीआरओवर 'वापरू नये' असा कागद चिकटवला होता, तो काल मला जिन्यात पडलेला दिसला. पुन्हा चिकटवून आलोय. टेबल नंबर चार, खिडकीकडचं. सोमवारी तिथे बी बॅचचं प्रॅक्टिकल आहे.